न चालवण्याचा हक्क आणि चालवू न देण्याचा हक्क

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने त्याच गेमच्या, ‘टर्टल वॉव’ या चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला आणि गेली वीस वर्षे अधूनमधून पेटणारा वाद पुन्हा एकदा पेटला. एका बाजूने ‘ही उघड चोरी आहे’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या बाजूने ‘आम्ही पैसे मोजले आहेत, गेम आमचाही आहे’ असे. दोन्ही वाक्ये ठणकावून बोलायला सोपी आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्यात कायद्याने दिलेला मर्यादित अधिकार आणि घरातल्या वस्तूवरची मालकी यांतला फरक पुसला जातो; दुसऱ्यात, प्रत्येक खेळाडूने न वाचता ‘मान्य आहे’ म्हटलेला करार जणू अस्तित्वातच नाही असे धरले जाते. माझे म्हणणे या दोहोंपेक्षा वेगळे आहे. आपला गेम किंवा त्याची जुनी आवृत्ती न चालवण्याचा कंपनीला पूर्ण हक्क आहे. मात्र जी आवृत्ती ती स्वतः चालवत नाही आणि पुढे चालवणार असल्याचेही सांगत नाही, ती दुसऱ्या कोणीही, अगदी विनामोबदलासुद्धा, चालवू नये असे म्हणण्याचा हक्क ही निराळी गोष्ट आहे. पहिला हक्क मान्य केला म्हणून दुसरा आपोआप पदरात पडू नये.

असा सर्व्हर म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट न करताच बहुतेक वेळा चर्चा सुरू होते. ऑनलाइन गेमचे दोन भाग असतात. खेळाडूच्या संगणकावर असतो तो क्लायंट, म्हणजे नकाशे, चित्रे, आवाज, पात्रांच्या हालचाली. पण लांडग्याने किती जोरात चावायचे, तो मेल्यावर त्याच्याजवळ काय सापडायचे, लोहाराने कोणत्या चौकात उभे राहायचे, कोणत्या कामगिरीला किती मोबदला द्यायचा, हे सारे ठरवणारा प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तो खेळाडूच्या हाती कधीच येत नाही. सर्व्हर बंद झाला की क्लायंट म्हणजे नट आणि संहिता दोन्ही नसलेले नेपथ्य. चाहते जे करतात ते या हरवलेल्या अर्ध्या भागाचे पुनर्लेखन असते. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण नोंदवून ठेवायची, त्या काळातले व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहायचे, खेळाडूंनी तेव्हा जमवलेल्या याद्या चाळायच्या आणि जिथे काहीच सापडत नाही तिथे अंदाज बांधायचा. ‘मँगोस’सारखे मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा प्रोग्रॅम कोणालाही पाहता-बदलता येतो असे, प्रकल्प २००५ पासून हेच करत आले आहेत. क्लायंटमधली चित्रे आणि संगीत कंपनीचे आहे आणि ते परवानगीविना वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, हे मला मान्य आहे. पण सर्व्हर या अर्ध्या भागाबाबत बहुतेकदा कोणी काही उचलून नेलेले नसते. तो पुसट झालेल्या शिलालेखाच्या वाचनासारखा तर्काने जुळवलेला असतो. ‘चोरी’ हा शब्द या श्रमाचे वर्णन करायला फारच आळशी आहे.

वाद आणखी बिघडतो तो तीन वेगळ्या परिस्थिती एकाच पोत्यात भरल्यामुळे. कधी गेम पूर्णपणे बंद झालेला असतो. कधी नाव तेच राहते, पण आतले नियम इतके बदलतात की जुना गेम प्रत्यक्षात नाहीसा झालेला असतो. आणि कधी कंपनी तीच आवृत्ती आजही चालवत असते, चाहत्यांचा सर्व्हर फक्त फुकट किंवा अधिक मनासारखा असतो. तिसऱ्या परिस्थितीत कंपनीची बाजू भक्कम आहे आणि तिच्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. खरा प्रश्न पहिल्या दोन परिस्थितींचा आहे, आणि त्यातही दुसरी अधिक अवघड आहे, कारण तिथे कंपनीला ‘आम्ही काहीच बंद केलेले नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणता येते.

‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ हे या दुसऱ्या परिस्थितीचे ठळक उदाहरण. २००३ साली सुरू झालेल्या या गेममध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते. कोणी शिंपी असे, कोणी नर्तकी, कोणी प्राणी माणसाळवणारा, आणि लढवय्यांनाही या साऱ्यांची गरज पडत असे. नोव्हेंबर २००५ मध्ये एका मोठ्या बदलाने व्यवसायांची संख्या नऊवर आणली आणि गेम नेमबाजीकडे झुकवला. विकत घेण्याची नवी पुरवणी बाजारात येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ज्यांनी दोन वर्षे खपून एखादी कला साधली होती, त्यांची कलाच एका सकाळी व्यवस्थेतून वगळली गेली. डिसेंबर २०११ मध्ये गेम रीतसर बंद झाला, पण अनेकांच्या लेखी तो सहा वर्षे आधीच संपला होता. या लोकांनी जुन्या नियमांचा सर्व्हर नव्याने लिहायला घेतला, तेव्हा ते नेमके काय चोरत होते? कंपनीनेच फेकून दिलेले नियम?

यावर सर्वांत जड आक्षेप स्मृतीचा आहे. माणसाला जुना गेम नको असतो, जुने वय हवे असते, असे हा आक्षेप म्हणतो. २०१३ साली ब्लिझकॉन या ब्लिझार्डच्या मेळाव्यात जुन्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे सर्व्हर सुरू कराल का, असे एका खेळाडूने विचारले, तेव्हा कंपनीच्या जे. ॲलन ब्रॅक यांनी दिलेले उत्तर गाजले. तुम्हाला ते हवे आहे असे वाटते, पण खरे तर तुम्हाला ते नको आहे, असा त्याचा आशय होता. या उत्तरातला उद्दामपणा सगळ्यांना दिसला. त्यातले तथ्य मात्र थोड्यांनीच मान्य केले. ते मान्य करायला हवे. २०१९ साली कंपनीने जुनी आवृत्ती चाचणीसाठी खुली केली तेव्हा खेळाडूंनी इतक्या ‘चुका’ कळवल्या, की कंपनीला ‘या चुका नाहीत, गेम मुळात असाच होता’ अशी यादी प्रसिद्ध करावी लागली. लोकांच्या आठवणी चाहत्यांच्या सर्व्हरवरच्या अंदाजांनी रंगल्या होत्या आणि मूळ गेमच त्यांना परका वाटत होता. आणखी एक पुरावा पाहा. रॅग्नरॉस हा शत्रू पहिल्यांदा पाडायला मूळ गेममध्ये साधारण पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो आठवड्याच्या आत पडला. नियम तेच होते. बदलली होती ती माणसे, त्यांचे ज्ञान, त्यांची घाई. अपरिचित जगात चाचपडण्याचा आनंद कोणताही सर्व्हर परत देऊ शकत नाही.

तरीही या आक्षेपातून निष्कर्ष चुकीचा काढला जातो. बालपण परत मिळत नाही म्हणून बालपणी वाचलेले पुस्तक जाळून टाकावे, असे आपण म्हणत नाही. ते चाळिशीत पुन्हा वाचले तर वेगळे दिसते, आणि म्हणूनच ते हाताशी असावे लागते. बुद्धिबळाकडे पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराची आणि उंटाची चाल बदलली आणि खेळ इतका वेगवान झाला की जुना प्रकार मागे पडला. पण ‘शतरंज’ आजही कोणालाही मांडता येते, त्याचे शेकडो वर्षांपूर्वीचे डाव सोडवता येतात, कारण नियम माणसांच्या आणि हस्तलिखितांच्या ताब्यात होते, कोणाच्या कुलपात नव्हते. चाल बदलणाऱ्यांनी नवा खेळ घडवला. जुना खेळू पाहणाऱ्यांच्या हातातून पट काढून घेतला नाही. ऑनलाइन गेममध्ये मात्र प्रत्येक पॅचबरोबर, म्हणजे कंपनीने पाठवलेल्या बदलाबरोबर, पट काढूनच घेतला जातो. नवी चाल आली की जुनी चाल शक्यच राहत नाही, आणि ती आवडत असल्याचे कोणी बोलले तर त्याला स्मरणरंजनाचा रोगी ठरवले जाते.

शिवाय, ब्रॅक यांच्या उत्तराची परीक्षा पुढे झालीच. ‘नॉस्टॅल्रियस’ हा चाहत्यांचा सर्व्हर फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला. तो कोणतेही शुल्क घेत नव्हता, आणि चालकांच्या म्हणण्यानुसार तिथे आठ लाखांच्या वर खाती उघडली गेली आणि दीड लाख सक्रिय होती. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर १० एप्रिल २०१६ रोजी तो बंद झाला. त्यानंतरच्या विनंतिपत्रावर दोन लाखांहून अधिक सह्या पडल्या, चालकांना कंपनीने भेटीला बोलावले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याच ब्लिझकॉनच्या व्यासपीठावरून, त्याच ब्रॅक यांनी जुन्या गेमच्या अधिकृत आवृत्तीची, ‘क्लासिक’ची, घोषणा केली. इंग्लंडमधल्या जॅगेक्स या गेम-कंपनीची कथा याहून बोलकी आहे, कारण तिथे कोर्टकचेरी न होता विचारणा झाली. ‘रूनस्केप’ची लढण्याची पद्धत २०१२ च्या अखेरीस बदलल्यावर खेळाडू पांगू लागले, कंपनीला ऑगस्ट २००७ ची जतन केलेली प्रत सापडली, तिने मतदान घेतले, सुमारे साडेचार लाख मते पडली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाले. पुढे त्यात काही नवे घालायचे तर खेळाडूंचे पंचाहत्तर टक्के मत लागेल, असा दंडक कंपनीने स्वतःला घालून घेतला. (नंतर तो सत्तरवर आणला गेला.) आज ही ‘जुनी’ आवृत्ती मुख्य गेमपेक्षा अधिक माणसे खेळतात. म्हणजे ज्याला स्मरणरंजन म्हणून हिणवले गेले, ती रचनेविषयीची एक समंजस टीका होती.

आता पैशाचा आक्षेप. सगळेच सर्व्हर नॉस्टॅल्रियससारखे निःस्वार्थी नसतात. ‘स्केपगेमिंग’ नावाच्या सर्व्हरने दुसऱ्याच्या गेममधल्या वस्तू विकून तीस लाख डॉलरच्या वर कमावले. २०१० साली अमेरिकी न्यायालयाने त्यावर आठ कोटी ऐंशी लाख डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. आकडा डोळे पांढरे करणारा असला तरी निकालाच्या दिशेबद्दल मला तक्रार नाही. जो दुसऱ्याच्या कलाकृतीवर दुकान थाटतो, त्याला जतनाचे पुण्य मागता येत नाही. पण या एका उदाहरणाच्या आडून सगळ्यांनाच त्याच तराजूत घालणे, हीच खरी गल्लत आहे. २००५ साली ‘बीनेटडी’ या मुक्तस्रोत सर्व्हरविरुद्ध अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा ते लिहिणारे स्वयंसेवक होते आणि त्यांनी काहीही विकले नव्हते. तरी परवाना-कराराचा भंग आणि संरक्षक कुलूप (विनापरवाना वापर रोखणारी तांत्रिक यंत्रणा) ओलांडणे या कारणांवर ते हरले. कायदा नफेखोराला आणि अभ्यासकाला सारखेच वागवत असेल, तर दोष अभ्यासकाचा कसा?

इथे स्वामित्वहक्काच्या मुळाशी जायला हवे. १७१० साली ब्रिटनमध्ये राणी ॲनच्या कारकिर्दीत अमलात आलेला कायदा या प्रकारचा पहिला मानला जातो. त्याने लेखकाला चौदा वर्षांचा, आणि तो हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा, एकाधिकार दिला. पण त्याच कायद्याने पुस्तकाच्या नऊ प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे जमा करण्याचे बंधनही घातले. ही तरतूद सहज शेजारी येऊन बसलेली नव्हती. तो सौदाच होता. समाज काही काळ नक्कल न करण्याचे वचन देतो, आणि बदल्यात कृती समाजाच्या हाती पोहोचते, टिकते, मुदत संपल्यावर सर्वांची होते. ऑनलाइन गेमने या सौद्याचा पहिला भाग पूर्ण घेतला आणि दुसरा गुपचूप गाळला. सर्व्हरचा प्रोग्रॅम कुठेही जमा होत नाही, कुणाला विकला जात नाही, आणि पाऊणशे-शंभर वर्षांनी हक्काची मुदत संपेल तेव्हा सर्वांचे व्हायला काही उरलेलेच नसेल. अमेरिकेत २०१८ साली ग्रंथालये आणि संग्रहालये यांना बंद पडलेले ऑनलाइन गेम चालू करण्यासाठी असे कुलूप ओलांडण्याची सूट मिळाली, ती केवळ त्यांच्या आवारापुरती आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम कायदेशीररीत्या हाती असेल तरच. जो प्रोग्रॅम कंपनी कुणाला देतच नाही, तो कायदेशीररीत्या हाती यायचा कुठून?

कंपन्या स्वतःच जतन करतील, हा विश्वास इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, कारण टेप महाग होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असे वाटत होते. मात्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण घरोघरच्या चाहत्यांनी दूरदर्शन संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपला होता. तांत्रिकदृष्ट्या तेही विनापरवाना होते. पुसणारी संस्था सन्माननीय होती आणि टिपणारे नियमभंग करणारे होते. आज ऋण कोणाचे आहे?

व्यावहारिक अडचणींबद्दल उद्योगाचे म्हणणे मात्र फेटाळून लावण्यासारखे नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, एकट्याने खेळणाऱ्यालाही तो बंद झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेने युरोपीय नागरिक-पुढाकारासाठी (सह्या जमवून युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी करण्याच्या सोयीसाठी) लागणारा दहा लाख सह्यांचा टप्पा जुलै २०२५ मध्ये ओलांडला. तेव्हा उद्योगाच्या युरोपीय संघटनेने सांगितले की खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचे रक्षण, बेकायदा मजकूर हटवणे ही कामे कोण करणार, आणि काही झाले तर जबाबदार कोणाला धरणार? शिवाय गाड्यांचे, संगीताचे परवाने मुदतीचे असतात, आणि सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये इतर कंपन्यांचे भाग गुंफलेले असतात, जे वाटून टाकता येत नाहीत. हे सगळे खरे आहे. चाहत्यांच्या सर्व्हरवर दुसरीकडचाच पासवर्ड वापरणाऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला असतो, हेही खरे. पण यातली बहुतेक कारणे ‘आमचा प्रोग्रॅम आम्ही देऊ शकत नाही’ एवढेच सिद्ध करतात. ‘तुम्ही स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमही चालवू नका’ हे त्यातून निघत नाही. आणि जिथे इच्छा होती तिथे देणेही जमले. ‘मेरिडियन ५९’ हा १९९६ चा गेम त्याच्या निर्मात्यांनी २०१२ साली मुक्तस्रोत केला. ‘नॉकआउट सिटी’ जून २०२३ मध्ये बंद करताना वेलान स्टुडिओजने खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन निरोप घेतला. खुद्द युबिसॉफ्टने टीकेनंतर ‘द क्रू २’ला इंटरनेटविना खेळण्याची सोय २०२५ मध्ये दिली. मूळ ‘द क्रू’ मात्र चाहत्यांनीच, स्वतः लिहिलेल्या सर्व्हरवर, त्याच वर्षी पुन्हा रस्त्यावर आणला.

खेळाडूंच्या बाजूलाही एक गोष्ट कडकपणे सांगायला हवी. त्यांचा संताप बऱ्याचदा चुकीच्या दारावर जाऊन थडकतो. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी ‘सिटी ऑफ हीरोज’ हा सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम बंद होणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो घडवणारा पॅरागॉन स्टुडिओही बंद झाला. म्हणजे ज्यांच्या हातून गेम घडत होता, त्यांची नोकरी खेळाडूंच्या आधीच गेली. निर्णय मालक असलेल्या एनसीसॉफ्टचा होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आणि चित्रे काढणाऱ्याला शिव्या घालणारे खेळाडू नेमक्या त्या माणसांना दुखावतात ज्यांना गेमची सर्वाधिक माया असते. दुसरे असे, की चाहते सत्तेत आले म्हणजे उदार होतात असेही नाही. याच गेमचा सर्व्हर एका छोट्या गटाने सुमारे सहा वर्षे निमंत्रितांपुरता गुप्तपणे चालवला होता, हे एप्रिल २०१९ मध्ये उघड झाले. बाकीचे हजारो जण गेम कायमचा गेला म्हणून हळहळत होते आणि काही निवडक लोक त्याच रस्त्यांवर उडत होते. कंपनीच्या कुलपाला शिव्या देणाऱ्यांनीच दुसरे कुलूप घातले होते. भीती समजण्यासारखी होती, कारण नोटीस आली असती तर सारेच बुडाले असते. पण लपवाछपवी कायद्याच्या संदिग्धतेतूनच जन्माला येते, हेही यातून दिसते. प्रकरण उजेडात आल्यावर ‘होमकमिंग’ गटाने उघडपणे सर्व्हर चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्याला रीतसर परवाना दिला. ‘एव्हरक्वेस्ट’च्या मालकांनी ‘प्रोजेक्ट १९९९’ या सर्व्हरशी २०१५ सालीच असा समझोता केला होता. दोन्हीकडे आभाळ कोसळले नाही.

म्हणून मला हवी आहे ती एक साधी कसोटी. कंपनीने एखादी आवृत्ती बंद केली किंवा ओळखू येणार नाही इतकी बदलली, ठरावीक मुदतीत ती स्वतः परत आणण्याचे वचन दिले नाही, आणि चाहत्यांचा सर्व्हर नफा न घेता, वस्तू न विकता, खर्चाचा हिशेब खुला ठेवून चालत असेल, तर त्याला नोटीस नव्हे, परवाना मिळावा. कंपनीने उद्या तीच आवृत्ती अधिकृतपणे सुरू केली, तर परवाना संपावा. ब्लिझार्डने क्लासिक सुरू केल्यावर नॉस्टॅल्रियसच्या वारसदारांची नैतिक बाजू दुबळी झाली, हे या कसोटीचे गैरसोयीचे पण अटळ फळ आहे.

आणि याच कसोटीवर टर्टल वॉवही सरळ उत्तीर्ण होत नाही, हे मला मान्य करावे लागते. कंपनी जुनी आवृत्ती आज चालवते, आणि टर्टलवर देणगीच्या नावाखाली दुकानही होते. मात्र २०१८ पासून चालत आलेल्या या सर्व्हरच्या चालकांनी जुन्या पायावर स्वतःचे प्रदेश, कामगिऱ्या आणि नव्या वंशांची पात्रे उभी केली होती, म्हणजे जो गेम कंपनीने कधीच बनवला नाही तो बनवला होता. ही भर ब्लिझार्डची नाही, आणि ब्लिझार्डच्या गेमविना ती चालवताही येत नाही. सर्व्हर बंद करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण त्या बेटांचे, त्या संवादांचे, तिथे कोणीतरी रात्री जागून बेतलेल्या कोड्यांचे काय करायचे, हा प्रश्न दाव्याच्या कागदांत दोन्हीपैकी कोणत्याच बाजूला विचारण्याची गरज पडत नाही.